इंजिनाची फाउंडेशन्स (इंजिन पेलणारे रबरी आधार) घरी बदलायचीत – तिन्ही बदलू की एकच?

अर्धा_पाना
मंडळी, सल्ला हवाय. गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, इंजिन आडवं (गाडीच्या रुंदीत बसवलेलं), पुढची चाकं ओढणारी, गिअर हाताने टाकायचे. लाखाच्या पुढे पळालीय. सध्या दोन तक्रारी आहेत. एक, गाडी उभी असताना स्टेअरिंग आणि सीट थरथरतात. एसी लावला की आणखीच. आरसा इतका हलतो की मागच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. दोन, पहिल्यात किंवा रिव्हर्समध्ये क्लच सोडला की खालून ‘ठक्’. वरच्या गिअरमध्ये तो आवाज जवळजवळ येतच नाही.

गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच ‘तिन्ही फाउंडेशन गेली, सेटच टाकू’ म्हणून सांगितलं. असेलही खरं. पण न बघता सांगितलेलं पटत नाही. माझ्याकडे ट्रॉली जॅक, दोन स्टँड, गोटी पान्यांचा सेट आणि टॉर्क रेंच आहे. ब्रेक पॅड, प्लग, तेल ही कामं घरीच करतो. इंजिनाला खालून टेकू देऊन काही सोडवायचं हे मात्र पहिल्यांदाच. घरी करण्यासारखं आहे का? आणि तिन्ही बदलायची, की गेलंय तेवढंच?

तेलकट_बाही
घरी होतं. पण पान्याला हात लावायच्या आधी तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या करा. दोन्हींचं कारण एकच असेल असं नाही.

आडव्या इंजिनाच्या पुष्कळ गाड्यांत मांडणी अशी असते: एक फाउंडेशन टायमिंगच्या बाजूला (इंजिनाच्या ज्या टोकाला टायमिंगचा बेल्ट किंवा चेन असते तिकडे), एक गिअरबॉक्सच्या डोक्यावर. ही दोन वजन पेलतात, सगळं इंजिन त्यांच्यावर टांगलेलं असतं. तिसरं खाली मागच्या बाजूला, हाडकासारखं दिसणारं, टोकांना रबरी बुश (आत धातूची नळी, बाहेर कडं, मध्ये रबर). तो टॉर्क रॉड. त्याच्यावर वजन जवळजवळ नसतंच. इंजिनाला पुढे-मागे झुलू द्यायचं नाही एवढंच त्याचं काम. काही गाड्यांत पुढेही एक असतं. तुमच्या गाडीत काय आहे ते खाली वाकून बघून घ्या.

‘ठक्’ बहुधा टॉर्क रॉडचा. उभ्या गाडीतली थरथर म्हणजे वरच्या दोघांपैकी कुणीतरी बसलंय, नाहीतर फाउंडेशनचा संबंधच नाही. ते कसं ओळखायचं? बॉनेट उघडा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि नुसतं बघत राहा. इंजिन आपल्या जागी शांत आहे आणि तरी बॉडी थरथरतेय, तर फाउंडेशनवर संशय घ्या. इंजिनच मधूनमधून ठेचकाळतंय, गचका खातंय, तर आधी प्लग, कॉइल, इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी बघा. ७५० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला २५ ठोके देतं. ती बारीक, एकसारखी थरथर असते. एक सिलिंडर नीट पेटत नसेल तर सेकंदाला सहा-सव्वासहा वेळा धक्का बसतो, तो हाताला वेगळा कळतो. लंगडणाऱ्या इंजिनाखाली नवीकोरी फाउंडेशन्स बसवली तरी ते लंगडणारच.

चालू_द्या
एवढं काय बघायचं त्यात? एक गेलं की बाकीची रांगेत उभीच असतात. तिन्ही टाका आणि मोकळे व्हा.

तेलकट_बाही
रबराचं वय सारखंच असतं, हे खरं. पण हाल सारखे नसतात. टायमिंगच्या बाजूचं फाउंडेशन इंजिनाच्या उष्णतेत शेकत असतं, वरून टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) तेल गळत असेल तर ते प्यायला मिळतं. गिअरबॉक्सवरचं त्या मानाने सुखात असतं आणि बऱ्याचदा ठणठणीत निघतं. शिवाय तीन भाग एकदम बदलले आणि नंतर थरथर वाढली, तर कुणामुळे वाढली हे कसं शोधणार? एकेक बदला, मध्ये गाडी चालवून बघा.

खटारा_प्रेमी
+१. आणि टायमिंग बेल्ट बदलायची वेळ जवळ आली असेल तर उजवं-डावं जे काही टायमिंगच्या बाजूला असेल ते तेव्हाच बदला. बेल्टसाठी ते फाउंडेशन बहुतेक गाड्यांत काढावंच लागतं. एकाच कामासाठी दोनदा इंजिनाला टेकू कशाला द्यायचा?

अर्धा_पाना
टायमिंग चेनवर आहे, म्हणजे ती संधी नाही. ‘ठक्’ची खात्री कशी करू?

तेलकट_बाही
एक माणूस मदतीला घ्या, ज्याला क्लचवर नीट ताबा आहे असा. समोर भिंत किंवा माणूस नको. हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकांना ठोकळे लावा, बॉनेट उघडं. तुम्ही बाजूला, फेंडरपाशी उभे राहा; गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही उभं राहायचं नाही, ब्रेकवर कितीही भरवसा असला तरी. आत बसलेल्याने ब्रेक दाबून धरायचा, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू पकडायला लागेपर्यंत सोडायचा. एखादा सेकंद, मग परत दाबायचा. मग तेच रिव्हर्समध्ये.

ब्रेकचा पाय आणि क्लचचा पाय दोन्ही गुंतलेले असल्याने रेस द्यायला पाय उरत नाही, आणि लागतही नाही. पहिल्यात इंजिनाचा माथा मागे, म्हणजे काचेकडे झुकेल. रिव्हर्समध्ये पुढे, रेडिएटरकडे. थोडं झुकणं ठीकच, रबर त्यासाठीच आहे. पण माथा इंचभर किंवा त्याहून जास्त सरकतोय, किंवा शेवटी धातूवर धातू आपटल्यासारखा थांबतोय, तर उत्तर मिळालं. क्लच तापवत बसू नका, दोन-तीनदा बघितलं की पुरे.

मग इंजिन बंद करून, थंड झाल्यावर खालून टॉर्क रॉडच्या बुशमध्ये पहारीचं टोक घालून हलकेच ढकला. काही बुशना मुद्दाम पोकळ फटी ठेवलेल्या असतात, त्यांना चिरा समजू नका. फट कारखान्याची असेल तर तिच्या कडा गुळगुळीत आणि दोन्हीकडे सारख्या असतात. चीर असेल तर कडा खरबरीत, आत ताजं काळं रबर दिसतं.

अर्धा_पाना
केलं. भाऊ आत बसला होता. पहिल्यात इंजिन असं मागे गेलं की एअर फिल्टरची नळी ताणली गेली; रिव्हर्समध्ये पुढे आलं आणि ‘ठक्’. पहारीने बघितलं तर मोठ्या बुशमधलं रबर एका बाजूने पूर्ण सुटलंय, आतली धातूची नळी बाहेरच्या कड्याला टेकतेय. तेवढी जागा घासून चकचकीत झालीय.

आणि टायमिंगच्या बाजूच्या फाउंडेशनखाली काळपट ओघळ आहे. ते हायड्रॉलिक असेल का? फुटलं असेल का?

रेषा_आणि_बिंदू
वाचनखूण साठवली. आवाज पहिल्यात आणि रिव्हर्समध्येच का येतो आणि वर का येत नाही, याचं गणित सोपं आहे, म्हणून मध्ये तोंड घालतो.

समजा इंजिन ११० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ, देतंय. पहिला गिअर ३.५ आणि डिफरन्शियल (चाकांच्या शाफ्टना फिरवणारी शेवटची गिअरजोडी) ४.१ धरला तर चाकांच्या शाफ्टवर सुमारे १,५८० न्यूटन-मीटर जातो. चाकांना जेवढा पीळ दिला, तेवढाच उलटा पीळ ज्या डब्यात गिअर आणि डिफरन्शियल आहे त्या डब्याला बसतो. आडव्या इंजिनाच्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हा सगळा एकच गठ्ठा असतो, त्यामुळे तो अख्खा १,५८० फाउंडेशन्सनी सोसायचा. टॉर्क रॉड वळणाच्या अक्षापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर त्याच्यावर ५,२०० न्यूटनच्या वर ओढ येते, म्हणजे पाचशे किलोहून जास्त वजन टांगल्यासारखी. क्लच झटक्यात सोडला तर आणखी. चौथ्यात गिअर साधारण १ असतो, म्हणजे हाच आकडा ४५० न्यूटन-मीटरवर येतो. म्हणून वर गेल्यावर आवाज नाही.

वजन पेलणारी फाउंडेशन्स वळणाच्या अक्षाच्या जवळ, आणि झुलणं अडवणारा भाग त्यापासून लांब, हे तत्त्व जुनंच आहे. १९३१ मध्ये प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाने रबरावर असंच तरंगतं इंजिन आलं. इंजिनाच्या वजनाच्या मध्यातून जाणारा तिरपा अक्ष धरून आधार दिले होते. सिट्रोएनने लगेच १९३२ मध्ये ते परवान्यावर घेतलं. त्याआधी बहुतेक इंजिनं चौकटीला जवळजवळ घट्टच बांधलेली असत. चार सिलिंडरच्या थरथरीला कंटाळून लोक सहा-आठ सिलिंडरकडे वळायचे.

जीपवाला
म्हणजे माझ्या उभ्या (गाडीच्या लांबीत बसवलेल्या) इंजिनाच्या, मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत फाउंडेशनला कमी सोसावं लागतं?

रेषा_आणि_बिंदू
पिळापुरतं बोलायचं तर हो. तुमचं डिफरन्शियल मागच्या एक्सलमध्ये आहे, त्यामुळे त्याने चौपट केलेल्या टॉर्कचा उलटा पीळ एक्सलला बसतो, इंजिनाला नाही. तुमच्या फाउंडेशन्सना गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा टॉर्कच सोसायचा. दोन बाजूंना दोन आणि गिअरबॉक्सच्या शेपटाखाली एक, ही मांडणी पुरते ती त्यामुळेच. फक्त तुमचं इंजिन पुढे-मागे न झुलता डावी-उजवीकडे कलतं.

तेलकट_बाही
छान समजावलंत.

@अर्धा_पाना, ओघळाला बोट लावून बघा. वरून टॅपेट कव्हरपासून रेघ येत असेल आणि बोटाला इंजिन ऑइलसारखं बुळबुळीत, करपट वासाचं लागत असेल, तर ते गळती तेल आहे. ओघळ थेट फाउंडेशनच्या पोटातून सुरू होत असेल तर आतलं द्रव बाहेर आलंय. हायड्रॉलिक फाउंडेशनमध्ये दोन कप्पे असतात आणि मधून अरुंद वाट; ग्लायकॉलसारखं द्रव त्या वाटेतून इकडून तिकडे जाताना हादरा जिरवतं. द्रव गेलं की नुसतं मऊ रबर उरतं, वजनाने ते खाली बसतं आणि धातू धातूला टेकतो. टेकला की थरथर सरळ बॉडीत. एसी लावल्यावर वाढते कारण कॉम्प्रेसरचं ओझं ओढायला इंजिनाचा प्रत्येक ठोका मोठा होतो.

पुसून कोरडं करा, चार दिवस चालवा, पुन्हा बघा. आणि तेल वरून येत असेल तर आधी ती गळती थांबवा. ही रबरं बहुतेक नैसर्गिक रबराची असतात, इंजिन ऑइलमध्ये ती फुगतात, भुसभुशीत होतात. गळती तशीच ठेवून नवं बसवलं तर तेही त्याच वाटेने जाणार.

चालू_द्या
त्यापेक्षा पॉलियुरेथेनची बसवा की. आयुष्यभर बघायला नको.

खटारा_प्रेमी
नका बसवू. पॉली टिकतं, तेलालाही दाद देत नाही, सगळं खरं. पण ते कडक असतं. शर्यतीच्या गाडीत इंजिन हलू नये म्हणून ते योग्य. रोजच्या गाडीत उभं राहिल्यावर डॅशबोर्डमधला प्रत्येक प्लास्टिकचा तुकडा आपली ओळख करून देतो. फार हौस असेल तर फक्त टॉर्क रॉडला पॉली बुश, वजन पेलणाऱ्यांना नाही. आणि तेही मला तरी नको.

त्याहून वाईट म्हणजे काच चिकटवायचं सीलंट फाटलेल्या फाउंडेशनच्या पोकळीत भरायचा उद्योग. पोकळी ही रबराला हलायला सोडलेली जागा असते. ती भरली की मऊपणा संपला, आणि आतलं सुटलेलं रबर-धातूचं बंधन सुटलेलंच राहतं.

अर्धा_पाना
नाही नाही, मूळ जातीचंच घेणार. आता काम कसं करायचं ते सविस्तर सांगा ना काका. टॉर्क रॉड आधी करतो.

तेलकट_बाही
योग्य क्रम. पार्ट मागवताना गाडीचा चासी नंबर देऊन मागवा. दिसायला सारखी गाडी असली तरी पेट्रोल-डिझेल, मॅन्युअल-ऑटोमॅटिकची फाउंडेशन्स वेगळी असतात. भोकं जुळतात, रबराचा कडकपणा जुळत नाही.

टॉर्क रॉडसाठी इंजिनाला टेकू द्यावा लागत नाही, वजन वरच्या दोघांवर आहे. गाडी सपाट जमिनीवर, पुढची बाजू जॅकने उचलून दोन स्टँडवर, मागच्या चाकांना ठोकळे. स्टँडवर ठेवल्यावर गाडी हाताने हलवून बघा आणि मगच खाली जा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्याला मी काही सांगत नाही, तो ऐकणारा नसतोच.

आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवायचा स्प्रे मारा, रबरावर उडू देऊ नका. बोल्ट निघाला की इंजिन थोडं झुलेल, घाबरू नका. नवा रॉड घालताना भोक जुळलं नाही तर गिअरबॉक्सच्या कडेला पहारीने हलकं रेटा, एकाने रेटायचं आणि दुसऱ्याने बोल्ट घालायचा. भोकात बोट घालून जुळलंय का बघायचं नाही. इंजिन परत आलं की बोट तिथेच राहतं. बघायला स्क्रूड्रायव्हर वापरा.

आता महत्त्वाचं. बोल्ट हाताने पूर्ण आत जाऊ द्या, पण आवळू नका. बुशच्या आतली नळी आणि बाहेरचं कडं यांच्यात रबर चिकटवलेलं असतं. इंजिन तिरपं असताना बोल्ट आवळला तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं, इंजिन सरळ झालं की ते कायमचं पिळलेलं राहतं. थरथर वाढते आणि बुश लवकर फाटतो. म्हणून इंजिन हाताने दोन-तीनदा हलवून आपल्या जागी स्थिर होऊ द्या, मगच टॉर्क रेंचने शेवटची आवळणी.

आवळणीच्या टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. दुसऱ्या गाडीचा आकडा इथे कुणी लिहिला तरी वापरू नका. मॅन्युअलमध्ये आकड्यापुढे अंशही दिले असतील, म्हणजे इतका टॉर्क आणि वर इतके अंश फिरवा, तर तो ताणला जाणारा बोल्ट आहे. तो पुन्हा वापरायचा नसतो, नवाच घ्या. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. तेलकट आट्यांवर रेंच तोच आकडा दाखवते आणि बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो.

गिअरवाली
एक भर. आधीच्या मेकॅनिकने एअर गनने बोल्ट ठोकलेले असतील तर ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमधले आटे आधीच अर्धमेले असतात. बोल्ट काढल्यावर त्याच्या आट्यांत चंदेरी भुसा दिसला तर तिथेच थांबा. गिअरबॉक्सच्या घरातले आटे गेले असतील तर आटे दुरुस्तीची स्प्रिंग बसवून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि घालताना प्रत्येक बोल्ट पहिले काही आटे बोटांनीच फिरवायचा, रॅचेट लावायचा नाही. तिरपा शिरला तर बोटांना कळतं, रॅचेटला नाही.

अर्धा_पाना
टॉर्क रॉड बदलला! बोल्ट चांगले निघाले, आटे ठीक. ‘ठक्’ गेला, पूर्ण. क्लच सोडताना गाडी किती एकसंध वाटतेय ते सांगता येत नाही. थरथर मात्र तशीच, किंचित कमी असेल.

ओघळ पुसून ठेवला होता. दोन ठिकाणी पुन्हा ओल आलीय: टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यातून, आणि फाउंडेशनच्या पोटातूनही. दोघांचीही तक्रार खरी निघाली. आता टायमिंगच्या बाजूचं कसं काढू?

तेलकट_बाही
हे काम वरून होतं, म्हणून शक्यतो गाडीची चाकं जमिनीवरच ठेवा. खालचं प्लास्टिकचं आवरण काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. विजेवरचा पंखा काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही फिरू शकतो आणि हात तिथेच असणार आहेत. कूलंटची टाकी मध्ये येत असेल तर तिचे स्क्रू काढून नळ्यांसकट बाजूला सारा. नळ्या सोडवायची गरज नसते. एसीचा पाइप क्लिपमधून मोकळा करा, वाकवू नका.

टेकू चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली. पण जॅकची वाटी थेट चेंबरला लावायची नाही. पत्र्याचा चेंबर आत दबतो, आतली तेल ओढायची जाळी तळाच्या अगदी जवळ असते, ती झाकली गेली तर तेलाचा दाब जातो. ॲल्युमिनियमचा तडकतो. जाड, रुंद फळी घ्या, चेंबरच्या जाड कडांवर भार येईल अशी. प्लास्टिकचा चेंबर असेल तर तिथे टेकू द्यायचाच नाही. वरून धरणारा आडवा बार वापरा, जो दोन्ही फेंडरच्या आतल्या मजबूत कडांवर टेकतो आणि इंजिनाच्या उचलायच्या हुकात साखळी अडकवतो. खरं तर तो बार मिळत असेल तर सगळ्यांनीच तो वापरावा.

जॅक हळूहळू वर घ्या आणि फाउंडेशनकडे बघत राहा. इंजिन उचलायचं नाही, त्याचं वजन घ्यायचंय. रबरावरचा दाब सैल पडताना दिसतो, तिथे थांबा. हावरटपणे वर चढवलं तर सायलेन्सरचा लवचीक जोड, रेडिएटरच्या नळ्या, वायरी ताणल्या जातात आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटू शकतो.

मग बोल्ट थोडे थोडे सैल करा, एकदम नाही. ब्रॅकेट कुठे होतं त्याची खूण पांढऱ्या पेनने आधी करून ठेवा, कारण काही भोकं लांबट असतात. फोटो तर काढाच. एका वेळी एकच फाउंडेशन सोडवायचं, दुसऱ्याचा बोल्टही सैल करायचा नाही. आणि फाउंडेशन बाहेर असताना जेवायला वगैरे जायचं नाही. हायड्रॉलिक जॅक हळूहळू उतरतो.

चालू_द्या
मी गाडीबरोबर येणाऱ्या जॅकनेच केलंय एकदा. काही झालं नाही.

गिअरवाली
तो जॅक चाक बदलण्यापुरता, बॉडीच्या ठरावीक खाचेत लावायचा. चेंबरखाली तो सरळ उभाही राहत नाही. काही झालं नाही हे छानच, पण वाचणाऱ्यांना सुचवू नका प्लीज.

अर्धा_पाना
झालं काम. बार भाड्याने मिळाला, तोच वापरला. चेंबरखाली फळीवर जॅकही नुसता टेकवून ठेवला, दुसरा आधार म्हणून.

जुनं आणि नवं शेजारी ठेवलं तर जुनं जवळजवळ सेंटीमीटरभर बुटकं! मधला खुंट खाली बसून कडेला टेकलेला, रबराची वाटी एका बाजूने उसवलेली, आणि उलटं केल्यावर आतून काळं पाणी टपकलं. नवं बसवताना तीन बोल्ट बोटांनी गेले, चौथ्याचं भोक दोन मिलिमीटर बाजूला. जॅक वर-खाली करून काही होईना, कारण चूक आडवी होती. शेवटी भावाने इंजिनाचा माथा दोन्ही हातांनी हळूच पुढे ढकलला आणि बोल्ट आपोआप आत गेला. मग टेकू काढला, इंजिन हलवून स्थिर होऊ दिलं, मग आवळणी.

उभ्या गाडीतली थरथर गेली, आरसा स्थिर. पण एक नवीनच: दीड-दोन हजार आरपीएमच्या आसपास पायाखाली गुर्रर्र. वर-खाली गेलं की गप्प. आधी हे नव्हतं. नवं रबर कडक असतं म्हणून का?

तेलकट_बाही
नवं रबर थोडं कडक असतं, पण त्याने सगळीकडे किंचित फरक पडतो. एका ठरावीक आरपीएमलाच आवाज म्हणजे काहीतरी कशाला तरी टेकतंय. तुमचं इंजिन सेंटीमीटरभर वर आलंय. त्याच्याबरोबर सायलेन्सरचा पुढचा पाइपही हललाय. इंजिन थंड असताना पाइपपासून उष्णतारोधक पत्र्यापर्यंत हात फिरवा, शेवटपर्यंत. टांगायची रबरं तिरपी ओढली गेलीत का बघा.

तिथे काही नसेल तर गिअरबॉक्सच्या फाउंडेशनचे आणि टॉर्क रॉडचे बोल्ट सैल करून, इंजिन हलवून, पुन्हा आवळा. तुम्ही टॉर्क रॉड बसवला तेव्हा इंजिन जुन्या, बसलेल्या उंचीवर होतं. टॉर्क रॉडचं तसंही कराच. गिअरबॉक्सचे सैल करताना मात्र तिकडे टेकू हवा.

अर्धा_पाना
पत्राच निघाला. पाइपच्या वळणाला टेकत होता, घासल्याची ताजी रेघ दिसतेय. दोन रबरं पुन्हा नीट अडकवली, पत्रा बोटाने किंचित वाकवला, आता मध्ये बोट जातं. टॉर्क रॉडचा बोल्टही सैल करून पुन्हा आवळला. गुर्रर्र बंद. गिअरबॉक्सवरचं पहारीने तपासलं, रबर अखंड आहे, ते ठेवतोय.

गिअरवाली
मस्त. माझाही प्रश्न इथेच विचारते. डिझेल, मॅन्युअल. फाउंडेशन्स तपासली, चांगली दिसतात. तरी इंजिन बंद करताना एक जोराचा हादरा आणि उभ्या गाडीत गिअरबॉक्सकडून खडखड.

तेलकट_बाही
ताई, क्लच दाबल्यावर खडखड कमी-जास्त होते का? होत असेल तर दुहेरी फ्लायव्हीलकडे (इंजिन आणि क्लचमधलं स्प्रिंगवालं जड चाक) बघा. त्याच्या आतल्या स्प्रिंगा सैल झाल्या की चालू-बंद करताना असाच दणका देतात आणि लोक फाउंडेशन्स बदलत बसतात. क्लच दाबून काही फरकच पडत नसेल, तर व्हॅक्यूमवर चालणारं फाउंडेशन आहे का ते बघा. काही डिझेल गाड्यांत उभ्या गाडीत मऊ आणि पळताना कडक होणारी फाउंडेशन्स असतात. त्यांच्याकडे जाणारी बारीक नळी चिरली की रबर शाबूत असूनही ती एकाच अवस्थेत अडकतात. नळी बदलली की काम होतं.

अर्धा_पाना
टॅपेट कव्हरच्या गॅस्केटसाठी वेगळा धागा काढू का?

खटारा_प्रेमी
काढा, पण नवं फाउंडेशन खाली आहे तर तोवर त्यावर एक फडकं तरी टाकून ठेवा, एक्झॉस्टपासून लांब. आणि गॅस्केट घ्याल तेव्हा सीलंटची छोटी ट्यूबही घ्या; टायमिंग कव्हर जिथे हेडला मिळतं त्या दोन कोपऱ्यांत ठिपका लावावा लागतो, तुमची ओल त्याच कोपऱ्यातून दिसतेय. कव्हरचे बोल्ट मधून कडेकडे, अगदी हलक्या टॉर्कने. फाउंडेशनचे बोल्ट आवळायची मोठी रेंच तिथे नेऊच नका.